भारी तेल

मोटरसायकलच्या तेलाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. धार संस्थानात मी अकरा वर्षं डाकस्वार होतो. दरबारचे लखोटे घेऊन इंदूर, महू, सरदारपूर, राजगड अशा खेपा केल्या आणि एकदाही गाडी ढकलत घरी आणली नाही. ही फुशारकी नव्हे. पुढं जे झालं ते कुणा अडाण्याच्या हातून झालं नाही, एवढं कळावं म्हणून सांगतो आहे.

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या गॅरेजला कुलूप लागलं. मला निरोप म्हणून लिलावात न खपलेली एक बी.एस.ए. मिळाली, लढाईतून आलेली, खाकी रंगाचे पोपडे निघालेली. वर्षभर मी अर्ज लिहिले. म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेतले, कारण नव्या कचेऱ्यांत सगळं हिंदीत लागायचं. १९४९च्या मे महिन्यात एकदाचं उत्तर आलं. देवासच्या पोलीस लाइनीत एक डाकस्वार घ्यायचा आहे, गाडी स्वतःची हवी, मंगळवारी सतरा तारखेला अकरा वाजता चाचणी. जागा एकच. चाळिशी ओलांडलेला माणूस चालणार नाही, असंही लिहिलं होतं. मला जूनमध्ये चाळीस पूर्ण होत होती. म्हणजे ही संधी गेली की संपलं. घरात म्हातारा बाप, बायको कुसुमावती, दोन मुली, आणि मला मोटरसायकल चालवण्यापलीकडे जगातलं काहीही येत नाही. दुकानात बसवलं तर पहिल्याच गिऱ्हाइकाशी भांडेन, असा माझा स्वभाव. कुसुमावती हे सगळ्या आळीला सांगते.

बी.एस.ए.चं तेल इंजिनात साठून राहत नाही. सीटखाली त्याची वेगळी टाकी असते. तिथून तेल इंजिनात उतरतं, आतले सगळे सांधे भिजवतं आणि पंपानं पुन्हा टाकीत येतं. गाडी चालू ठेवून टाकीचं झाकण उघडलं की परत येणाऱ्या तेलाची पिचकारी दिसते. पिचकारी आहे तोवर गाडी आहे. मी दर पंचवीस मैलांवर थांबून ती बघायचो आणि बरोबरचे स्वार मला हसायचे. हसोत बापडे. हिवाळ्यात पातळ तेल घालायचं, उन्हाळ्यात जाड, कारण मे महिन्यात पातळ तेलाचं आत पाणी होतं. आमच्या गॅरेजात सगळे हिंदी नाहीतर माळवी बोलणारे. त्यांच्या बोलीत पातळ तेल म्हणजे हलका आणि जाड तेल म्हणजे भारी. अकरा वर्षं तेच ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं होतं.

चाचणीच्या आधीच्या शनिवारी मला ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलं. कुसुमावती तळपायांना कांद्याचा रस चोळत होती, पन्हं पाजत होती, आणि मी पडल्या पडल्या एकाच गोष्टीचा घोर लावून घेतला होता. गाडीचं तेल बदलायचं राहिलं होतं. रविवारी वडील उशाशी आले तेव्हा म्हणालो, "तात्या, गाडीला भारी तेल आणून ठेवा. हलकं अजिबात आणू नका, इंजिन जाईल. उठलो की मी बदलतो."

"तू निवांत पड रे. आणतो मी," तात्या म्हणाले.

तात्यांनी धारच्या पवार महाराजांच्या पागेत चाळीस वर्षं काढली. त्यांच्या हाताखाली एकही घोडा लंगडा झाला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की उगाच मिशीवरून हात फिरवत. पागेतली जनावरं विकली गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत. घरात मराठी बोलायचे ते आजोबांच्या वेळची, हिंदीचा वारा न लागलेली. त्यांच्या मराठीत भारी म्हणजे शालू, भारी म्हणजे अत्तर. आणि हलकं म्हणजे जे आपण पाहुण्याला देत नाही ते.

पुढची हकिकत मला नंतर तुकड्या तुकड्यांनी कळली. तात्या आधी धारच्या मोटर स्टँडवर गेले. तिथल्या दुकानदारानं पिंपातलं जाड, सुटं तेल दाखवलं. नेमकं तेच मला हवं होतं. तात्यांनी बोट बुडवून पाहिलं, हे तर ट्रकवाले नेतात म्हणाले, आणि बोट पुसून निघून आले. सोमवारी सकाळी, बहात्तराव्या वर्षी, मे महिन्यात, बसमध्ये उभ्यानं इंदूरला गेले. मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "सबसे ऊँचा दो. लड़के की परीक्षा है."

मंगळवारी पहाटे ताप उतरला होता. मी अंगणात आलो तर तात्या गाडीपाशी उकिडवे बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"तेल बदललं," ते म्हणाले. "तू करतोस तस्संच. खालचा बोल्ट काढला, जुनं सगळं गाळलं, नवं भरलं. तुला या अंगानं वाकायला नको."

आमच्या गॅरेजात पहिला नियम असा की स्वारानं आपलं तेल आपण बदलायचं, सख्ख्या भावाच्या हाती द्यायचं नाही. पण त्यांचा चेहरा बघून बोलवेना. झाकण उघडून पाहिलं, टाकी भरलेली होती, तेल स्वच्छ होतं. हुंगून बघायला हवं होतं. नाही हुंगलं. तापानं तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेली होती, आणि साठ मैलांवर देवास होतं.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. तात्यांनी कॅरिअरवर आपल्या उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलं. "उरलेलं तेल आहे. वाटेत लागलं तर घाल. स्वारीच्या दिवशी हात आखडता घेऊ नये," असं म्हणून त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर थाप दिली. मुली दारात उभ्या होत्या. कुसुमावतीनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "तिथं कुणाशी भांडू नका म्हणजे झालं."

घाटाबिल्लोदपर्यंत गाडी इतकी गोड पळाली की मी गुणगुणायला लागलो होतो. चंबळेच्या पुलाआधी वेग कमी केला तेव्हा सायलेन्सरचा धूर वाऱ्यानं पुढं आला आणि माझं नाक एकदम जागं झालं. तो वास मराठी घरात वाढलेला माणूस मरेपर्यंत विसरत नाही. महिन्यातून एकदा आई नाक दाबून जे घशाखाली उतरवायची, त्याचा वास. एरंडेल.

मी गाडी थांबवली. उपरणं सोडलं. आत चकचकीत डबा, त्यावर शर्यतीत वाकलेला एक गोरा स्वार. शर्यतीच्या गाड्यांचं, एरंडेलापासून केलेलं तेल. तेलात खोट म्हणाल तर काही नाही. उलट दुकानात त्याहून उंची तेल नसतं. पण जमिनीतून निघालेल्या साध्या तेलाशी त्याचं जमत नाही. दोन्ही एकत्र तापली की आत चिकट साका धरतो आणि तेलाच्या बारीक वाटा बुजतात. एकाचं दुसरं करायचं तर अख्खं इंजिन खोलून धुवावं लागतं. तात्यांनी टाकी रिकामी केली होती. इंजिनाच्या पोटातलं जुनं तेल तिथंच होतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

भारी. मी म्हणालो होतो ना, भारी आणा. त्यांनी भारी आणलं. पुलाच्या कठड्यावर मी मूठ आपटली. शिव्या दिल्या त्या माझ्या जिभेला. घरात बापाशी बोलतानाही मला जाड हा शब्द सुचू नये!

गाडी चालू ठेवून टाकीत डोकावलो. पिचकारी होती, पण सुतासारखी. परत फिरलो तर चाचणी गेली. वाटेत साधं तेल मिळालं असतं, पण ते ओतलं तर साका दुप्पट. आता जे आत आहे तेच चालवायचं आणि टाकीतली तेल गाळायची जाळी धुऊन वाट मोकळी ठेवायची, एवढंच हाती होतं. जाळी धुवायला घासलेट हवं आणि घासलेट रेशनवर.

बेटम्याला एका सायकलवाल्याच्या दुकानासमोर थांबलो. म्हटलं, "भिया, बाटलीभर घासलेट दे. हात जोडतो."

"घासलेट काँ से लाऊँ भिया? कंदील में भी नी हे," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठला. आतल्या चिमणीतलं, दोन कंदिलांतलं मिळून एका वाडग्यात ओतून आणलं. "कोई बीमार हे कई घर में?"

"हाँ," मी म्हणालो. खोटं तरी कुठं होतं?

टाकीतली जाळी काढली. तिला गुळाच्या काकवीसारखं काळपट काहीतरी चिकटलं होतं. धुतली, बसवली, तात्यांच्या डब्यातलं उरलेलं तेल ओतलं. पिचकारी थोडी सुधारली. तिथून इंदूर, इंदुरातून देवासचा रस्ता. दर दहा मैलांनी थांबायचं, झाकण उघडायचं, बघायचं, पुन्हा निघायचं. क्षिप्रेच्या पुलावर इंजिन आवळलं. मागचं चाक जाम झालं आणि गाडी फरफटत गेली. पटकन क्लच दाबला म्हणून वाचलो. झाडाखाली वीस मिनिटं गाडी गार होऊ दिली. घामानं अंग निथळत होतं आणि मी मोटरसायकलशी मोठ्यानं बोलत होतो. "एवढ्या वेळेला ने बाई. मग आयुष्यभर तुला हात लावू देणार नाही कुणाला." गाडी पुन्हा सुरू झाली, पण आतून ठोका ऐकू यायला लागला होता. तो ठोका कशाचा, हे मला पक्कं माहीत होतं. तेलावाचून आतला सांधा कोरडा घासत होता.

अकराला दहा कमी असताना मी देवासच्या पोलीस लाइनीत शिरलो. चार उमेदवार होते. टेबलामागे ग्वाल्हेरकडचे तरुण साहेब आणि त्यांच्या शेजारी जगदेवराव. जगदेवराव म्हणजे देवासच्या जुन्या दरबारी गॅरेजचे मुकादम, माझे दहा वर्षांचे ओळखीचे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. साहेबांच्या कानाशी लागून ते काहीतरी बोलले आणि साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. क्षणभर वाटलं, होतंय. होतंय रे देवा!

चाचणी साधी होती. लखोटा घ्यायचा, टेकडीला वळसा घालून पलीकडच्या चौकीवर द्यायचा, सही घेऊन परत यायचं. तीन मैल. धारहून साठ मैल आलो होतो, तीन काय जड? मी लखोटा छातीशी ठेवला आणि निघालो. जाताना ठोका वाढत गेला. चौकीवर सही घेतली. परतताना चढ लागला, आणि लाइनीचं फाटक समोर दिसत असताना इंजिनात काहीतरी कडाडलं. खालून धूर आला, तेल माझ्या पायावर उडालं. ते एरंडेल रस्त्यावर सांडत होतं आणि मी गाडी धरून उभा होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा गाडी ढकलत नेली, आणि ती सगळ्यांच्या देखत.

साहेबांनी घड्याळ बघून पुढच्याला बोलावलं. जगदेवरावांनी मला बाजूला घेतलं. टाकीत बोट बुडवलं, हुंगलं आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"भगवंता, हे तू घातलंस? साध्या तेलावर हे? तू?"

मी पायावरचं तेल पुसत राहिलो.

"तू नाही घातलंस. मला वेड लावू नकोस. तू आजारी होतास ना? डोळे बघ कसे झालेत. मग कुणी घातलं, तेवढं सांग. हे बघ, साहेब माणूस वाईट नाही. उमेदवार आजारी असताना दुसऱ्याच्या हातून चूक झाली, असा कागद दे. ज्यानं तेल घातलं त्याचं नाव घाल. धारचा शिपाई घरी जाऊन त्याची जबानी घेईल, सही घेईल, बस. तुला आठ दिवसांनी सरकारी गाडीवर पुन्हा चाचणी देववतो. पण तूच घातलंस म्हणालास तर साहेब लिहिणार, ज्याला तेल कळत नाही तो स्वार कसला. यादी चार वाजता बंद होते. तोवर मी थांबवतो."

त्यांनी कोरा कागद आणि टाक माझ्या हाती दिला. मी चिंचेखाली जाऊन बसलो. कागदावर वर तारीख घातली. माझं नाव घातलं. पुढं लिहायला हवं होतं ते एकच नाव. डोळ्यांपुढं आलं ते असं की खाकीतला शिपाई आमच्या दारात उभा आहे, आळी जमली आहे, आणि तात्यांना विचारतो आहे, की तुम्हारे हाथ से बेटे की गाड़ी बरबाद हुई, सही है? संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले. म्हाताऱ्याजवळ राहिले होते ते आपल्या हातांचे गुण. तेही मीच सरकारजमा करायचे? आणि मुळात चूक माझी होती. शब्द माझा होता.

पण मुलीही डोळ्यांपुढं येत होत्या. कुसुमावतीनं दह्याचा चमचा धरलेला हात येत होता. टाक उचलायचो आणि ठेवायचो. लाइनीच्या घड्याळात तीनचे टोले पडले. मग साडेतीन झाले. जगदेवराव दोनदा ओसरीवर येऊन माझ्याकडे पाहून गेले. चार वाजले तेव्हा कागद तसाच होता. मी आत गेलो आणि म्हणालो, "मीच घातलं तेल."

जगदेवरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि चाळिशीच्या आतल्या दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं.

गाडी तिथंच टाकून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं धारला आलो. वाटभर मनात ठरवत होतो काय सांगायचं ते. तात्या ओट्यावरच बसले होते. कुसुमावती दाराआड. मी उपरणं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "नाही घेतलं. वय जास्त भरलं म्हणाले."

"वय?" तात्या ताडकन उठले. "कागदात चाळीसच्या आत लिहिलंय. तुला अजून महिना आहे. आणि गाडी? गाडी कशी चालली?"

"गाडी उत्तम चालली."

"मग झालं तर! हा अन्याय आहे भगवंता, आणि तू मान खाली घालून परत आलास. मी जातो देवासला. आत्ता जातो. त्या साहेबापुढं उभा राहून सांगतो, माझ्या मुलाचं वय हे, आणि गाडीचं म्हणाल तर मी स्वतः, या हातांनी तिचं तेल बदललंय, दुकानातलं सर्वांत भारी. काय दोष काढायचा तो काढा म्हणावं. सूनबाई, माझा अंगरखा आण."

ते खरोखरच पायताणं घालायला लागले. जाऊन उभे राहिले असते आणि भर कचेरीत, त्या साहेबापुढं त्यांना कळलं असतं. "तात्या, बसा," मी म्हणालो. "बसा आधी." आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शब्दाचा घोळ, पुलावरचा वास, टेकडीचा चढ, जगदेवराव, कागद, सगळं. काही झाकायची ताकदच राहिली नव्हती. शेवटी म्हणालो, "चूक तुमची नव्हे. मी जाड म्हणायला हवं होतं."

तात्या आपल्या तळव्यांकडे बघत होते. तेलाचा काळेपणा रेघांमधून अजून गेला नव्हता. मला वाटलं, आता रडतील. ते रडले नाहीत. त्यांचा आवाज चढला, आणि तो तसा चढलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"चार वाजेपर्यंत वेळ होता?"

"होता."

"कागद हातात होता? टाक होता?"

"होता."

"आणि तू झाडाखाली बसून राहिलास." त्यांनी पायताणं पुन्हा हातात घेतली. "माझी अब्रू राखायला! मी बहात्तर वर्षांचा. माझं काय जाणार होतं रे? शिपाई आला असता, मी त्याला पाणी दिलं असतं, म्हणालो असतो, हो बाबा, चुकलं माझं, कुठं करू सही? पाच मिनिटांचं काम. तेवढंही तुझ्यासाठी करवणार नाही मला, असं वाटलं तुला?"

कुसुमावती दारातून बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तात्यांच्या हातातली पायताणं काढून घेतली आणि त्यांना धरून खाली बसवलं.

"आत्ता गेलं तर?" त्यांनी तिलाच विचारलं. "आत्ताची बस आहे. मी सही करतो म्हणावं."

"यादी गेली, तात्या," मी म्हणालो. "काल संध्याकाळीच गेली."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, की दुपारची बस किती वाजता सुटते.